‘एलिक्सिर’ मुळात कोरडं होतं का?

खलबत्ता:
आयुष्य वाढवणाऱ्या औषधाला इंग्रजीत ‘एलिक्सिर’ म्हणतात. कोशात त्याचं मूळ अरबी ‘अल्-इक्सीर’ आणि त्यामागे ‘कोरडा’ अर्थाचा ग्रीक शब्द दिलाय. पातळ औषधाच्या नावात कोरडेपणा कुठून आला? आणि अनुवादात ‘अमृत’ चालेल का?

पोतडी:
कोशात बरोबरच दिलंय. ग्रीक ‘क्सेरॉस’ म्हणजे कोरडा. त्यावरून ‘क्सेरिऑन’, जखमेवर भुरभुरायची पूड. (‘झेरॉक्स’ही याच ‘क्सेरॉस’वरून: ओल्या शाईविना, कोरडी नक्कल.) अरबी शब्द जोडव्यंजनाने सुरू होत नाही, म्हणून आधी स्वर आला, ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ होतं तसा, आणि ‘इक्सीर’ झालं. ‘अल्’ हे अरबी उपपद. लॅटिनमध्ये ते शब्दालाच चिकटलं. अल्कोहोल, अल्जिब्रा यांतही तेच आहे.

किमयागारांचं इक्सीर म्हणजे वितळलेल्या धातूवर टाकायची चिमूट. हिणकस धातू हा जणू रोगी, इक्सीर त्याला बरा करून सोनं करतं, ही समजूत. मग तेच माणसालाही लागू केलं. 14व्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत आला, तेव्हा तो किमयेचाच होता.

फारसीने मात्र ‘अल्’ घेतला नाही. म्हणून फारसीतून आलेला आपला ‘अक्सीर इलाज’ आणि एलिक्सिर हे सख्खे भाऊ. ‘किमया’ आणि ‘अल्केमी’ची जोडीही तशीच. अक्सीर इंग्रजीतून आला असं कृपा करून कुणी लिहू नका.

मात्राकार:
औषधनिर्मितीत एलिक्सिर म्हणजे अल्कोहोल असलेलं गोड, पातळ औषध. हा अर्थ एकदा कायद्याच्या कामी आला. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून ‘एलिक्सिर’ म्हणून विकलं गेलं. हा द्रावक मूत्रपिंडं निकामी करतो. 100हून अधिक माणसं गेली, त्यांत मुलं बरीच. विक्रीआधी औषधाची सुरक्षितता तपासायची सक्ती तेव्हा नव्हती. माल जप्त करता आला तो अल्कोहोल नसताना एलिक्सिर म्हटलं, या चुकीच्या नावापायी. 1938मध्ये तशी सक्ती करणारा नवा कायदा आला.

पोतडी:
अनुवादाचं राहिलं. ‘अमृत’ नको, त्यात मरणच नाही, इथे आयुष्य लांबवायचं आहे. आयुर्वेदात आयुष्य वाढवणाऱ्या औषधाला ‘रसायन’ म्हणतात, तो शब्द नेमका बसतो. चरकसंहितेत उपचारांच्या भागाची, चिकित्सास्थानाची, सुरुवातच रसायनाने होते, आणि रसशास्त्रात, म्हणजे पारा आणि धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, तर ‘यथा लोहे तथा देहे’ म्हटलंच आहे: पारा धातूवर जे करतो तेच शरीरावर. किमयागारांचा तर्क हाच. फक्त आजच्या वाचकाला ‘रसायन’ म्हणताच केमिकल आठवतं, तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘आयुर्वर्धक रसायन’ लिहा, पुढे नुसतं ‘रसायन’.