सल्ला हवा आहे: पीएसपी झालेल्या वडिलांसाठी आधी काय घ्यावे? (मर्यादा १५ हजार)

कृष्णाकाठ
माझे वडील ६९ वर्षांचे असून आम्ही साताऱ्यात राहतो. दोन वर्षे पार्किन्सन्सच्या गोळ्या घेऊनही ते सारखे पाठीमागे पडत राहिले, तेव्हा मेंदूतज्ज्ञांनी पुन्हा तपासून हा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी, असल्याचे सांगितले. त्यांची नजर खाली वळत नाही. परवा आमटीची वाटी चाचपडताना दोनदा सांडली आणि ते भरल्या ताटावरून उठले. दिवसभर आई एकटीच त्यांच्यापाशी असते. पलंग, वॉकर आणि खुर्ची यांपैकी आधी काय घ्यावे?

अनुभवी_काका
मर्यादा बाजूला ठेवा आणि बटणावर चालणारा पलंगच घ्या. आम्ही आईसाठी ८२ हजारांचा घेतला, तसा आमच्या सोसायटीत दुसऱ्या कोणाकडेही नाही.

रास्तापेठ
विकत कशाला घेता? रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देणाऱ्या संस्था असतात, त्यांच्याकडे चौकशी करा. आम्हाला फाउलर कॉट (डोक्याची आणि पायांची बाजू वर-खाली करता येणारा पलंग) आणि हवेची गादी अशीच मिळाली. परत करताना मात्र गादीच्या एका छिद्रापायी अर्धी अनामत कापली गेली, आणि ते छिद्र आमचे नव्हतेच.

वनौषधी_प्रेमी
कंपवातावर खाजकुयलीचे चूर्ण उत्तम. माझ्या मामांचा हात थांबला.

मीनल_औंध
हा कंपवात नव्हे. पीएसपीत हात थरथरणे बहुधा ठळक नसते. शिवाय खाजकुयलीत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सच्या गोळ्यांतला घटकच असतो, आणि तो या आजारात फारसा लागू पडत नाही. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता त्यात चूर्णाची भर घालू नये.
माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. हलका वॉकर घेऊ नका, कारण तोल मागे गेला की माणूस वॉकर घेऊनच पडतो. वजनदार वॉकर मिळतो, तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरून पाहा. टेबलावर पाट ठेवून त्यावर ताट मांडा, म्हणजे ते नजरेच्या टप्प्यात येईल. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी आधी करून घ्या, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा यातील मोठा धोका आहे.

वनौषधी_प्रेमी
मामांना गुण आला, एवढेच मी सांगितले.

देशपांडे_ठाणे
वर म्हटलेच आहे, तरी सांगतो: पलंग अनामत रकमेवर घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही येतात, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. आमचे तीन हेलपाटे झाले, कारण दर वेळी नवाच कागद मागितला गेला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आजार वेगळा असला, तरी घरच्यांना बोलायला माणसे भेटतील.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. पलंग आणि वॉकर दोन्ही तूर्त घेत नाही. गिळण्याच्या तपासणीची वेळ घेतली आहे, आणि उरलेल्या पैशांत महिनाभर रोज सायंकाळी चार तासांसाठी बाबांना सांभाळायला एक मामा (पगारी मदतनीस) ठरवले आहेत. पुढच्या महिन्यांचा खर्च भावाने अंगावर घेतला. काल आई पुष्कळ दिवसांनी भजनाला गेली. ताटाखाली पाटही ठेवला. आमटी सांडली नाही, फक्त ती खारट झाल्याची तक्रार बाबांनी केली.

अनुभवी_काका
मामा दांड्या मारू लागले की माझी आठवण येईल. दुकानदाराला माझे नाव सांगा, तो गादी फुकट देईल.