पोर्टेबिलिटीच्या नोंदींसाठी साधी मार्कअप पद्धत: सल्ला हवा

हिंजवडी_फेज२:
ऑफिसात निम्मे लोक मॅकवर, सर्व्हर उबुंटू, कंटेनर अल्पाइन लिनक्सचे. कोणती शेल कमांड कुठल्या सिस्टिमवर अडते याच्या (म्हणजे पोर्टेबिलिटीच्या) नोंदी विकीत, चॅटमध्ये, कोडच्या कॉमेंटमध्ये विखुरल्यात. सगळ्यांची एकच टेक्स्ट फाइल करायची आहे, माणसाला वाचता यावी आणि स्क्रिप्टलाही. मार्कडाउन टेबल, वायएएमएल (की-व्हॅल्यू लिहायचा टेक्स्ट फॉरमॅट), की स्वतःचं काही? स्वतःचं काढायचा मोह होतोय, म्हणून आधी विचारतोय.

उभी_रेघ:
टेबल नको. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये कोडच्या तुकड्यातला पाइपसुद्धा (उभी रेघ, |) रकाना तोडतो, दर वेळी आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. शेलच्या नोंदी आणि पाइप नाही, असं होईल का?

सदाशिवपेठी:
वायएएमएलही जपून. अवतरणचिन्हांशिवाय ३.१० ही आवृत्ती लिहिलीत की पार्सर तो आकडा समजून ३.१ करतो. अल्पाइन ३.१ नावाची आवृत्तीही खरोखर होती, त्यामुळे चूक डोळ्याला दिसत नाही.

जुनं_खोड:
आधी ग्नूलिबचं (पोर्टेबल सी कोडच्या ग्नू लायब्ररीचं) मॅन्युअल उघडा. प्रत्येक फंक्शनच्या पानावर दोन याद्या: ग्नूलिबने सुटणाऱ्या अडचणी आणि न सुटणाऱ्या. ते टेक्सइन्फोत (ग्नूच्या मॅन्युअलांच्या मार्कअपमध्ये) लिहिलंय; तुम्ही टेक्सइन्फो घेऊ नका, मांडणी घ्या. ओळीच्या सुरुवातीला शब्द, कोलन, मग मजकूर. रिकामी ओळ आली की नोंद संपली. ऑक या मजकूर वाचणाऱ्या कमांडमध्ये आरएस (नोंदी वेगळ्या करणारं चिन्ह) रिकामा ठेवला की तो परिच्छेदागणिक वाचतो, वेगळा पार्सर लागतच नाही. असं काहीतरी (सेड मजकूर बदलतं, -आय म्हणजे त्याच फाइलमध्ये):

कमांड: सेड -आय
अडते: मॅकओएस, फ्रीबीएसडी
कारण: बॅकअपचं एक्स्टेंशन सक्तीचं
तोड: -आय.बॅक, मध्ये जागा न सोडता, लिनक्सवरच्या ग्नू सेडलाही चालतं

शिवाय 'पासून' लिहायची सोय हवीच. रीडलिंक -एफ (लिंकमागचा खरा पत्ता सांगणारी कमांड) मॅकओएस १२.३ पासून चालतं, जुन्या मॅकवर नाही. नोंदीच्या पोटात नोंद मात्र कोणी मागितली तरी देऊ नका, तिथून पुढे तुमची भाषा तयार होते आणि मग ती सांभाळायला माणूस लागतो.

हिंजवडी_फेज२:
पटलं. पण 'अडत नाही' आणि 'कोणी पाहिलंच नाही' यांतला फरक कसा दाखवू?

सदाशिवपेठी:
'तपासलं:' ही ओळ सक्तीची करा, प्लॅटफॉर्म आणि आवृत्तीसकट. त्यात नाव नसेल तर माहीत नाही, एवढाच अर्थ. नोंद नाही म्हणजे चालतं, असं धरलंत की अल्पाइनवर पहिला फटका बसेल. तिथलं सेड बिझीबॉक्स या छोट्या कमांडसंचातलं असतं, ग्नूचं नाही.

उभी_रेघ:
पहिल्या ओळीत फॉरमॅटची आवृत्तीही टाका. पुढे एखादा शब्द बदलावा लागेलच.

हिंजवडी_फेज२:
सेड आणि रीडलिंकपासून सुरुवात करतो. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) 'तपासलं:' नसलेली नोंद दिसली की बिल्ड पाडायचा विचार आहे.

जुनं_खोड:
अहो, लगेच पाडू नका. सुरुवातीला नुसता इशारा द्या, नाहीतर लोक नोंदच लिहायचे नाहीत.