टीव्ही बंद पडला की थेट भंगारात? जरा दमानं घ्या

सोल्डरवाला, परभणी
काल 'हायटेक पाटील' यांनी इथं लिहिलं की एलईडी टीव्ही बिघडला की दुरुस्तीच्या नादी लागू नका, मेकॅनिक लुटतात, सरळ भंगारात घाला अन् नवा आणा. त्यावर अंगठ्यांचा पाऊस! एकोणीस वर्षं हेच काम करायलोय, म्हणून राहवलं नाही.

माझ्या टेबलावर रोजची तक्रार एकच: आवाज येतो, चित्र येत नाही. अहो, पडदा नाही गेला, त्याच्या मागची बॅकलाइटची पट्टी गेली. दिवे एका माळेत असतात, एक मेला की सगळा अंधार. रात्री खोलीतला लाईट बंद करा, टीव्ही चालूच ठेवा अन् मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ धरून तिरकं बघा. बातम्या सांगणारी बाई पुसट दिसली की पॅनल, म्हणजे पडदा, जिवंत आहे. दीड-दोन हजारांचं काम. त्यासाठी चौदा हजार घालता?

पॅनल फुटलं असलं तर मीच सांगतो, नवा घ्या. त्या किमतीत थोडी भर घातली की टीव्हीच येतो.

हायटेक पाटील, संभाजीनगर
तुमचं पोटच त्यावर, तुम्ही दुसरं काय सांगणार! माझा ४३ इंची. पहिल्यांदा पट्टी, १,८०० रुपये. चार महिन्यांत पडद्यावर पांढरे गोल ठिपके, जणू चांदण्या. नेला तर म्हणे दिव्यावरच्या लेन्स निसटल्या, अजून ७००. तिसऱ्यांदा उघडताना पॅनलला तडा, अन् वर म्हणे 'आधीपासूनच होता'. आता जीएसटी पण २८ चा १८ झालाय. करा हिशोब.

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
करायचाच तर नीट करा. २८ चा १८ झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून, अन् तोही ३२ इंचाच्या वरच्यांनाच. ३२ इंचीला २०१९ पासूनच १८ आहे. तुमच्या ४३ ला फायदा आहे, मान्य. पण खेड्यात ४३ इंची किती जणांकडं असतो?

आमचा ब्लॅक अँड व्हाइट एकवीस वर्षं चालला. थोरला पोरगा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा अन् आम्ही खालून ओरडायचो, 'आलं, आलं, गेलं!'

बप्पा, बीड
मास्तर, टीव्ही मरतो कशानं ते कुणीच बोलंना. लाईटनं! मागल्या जेठात आमच्या डीपीवरची, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार तुटली. बल्ब एकदम पांढराफेक, पंखा विमानावाणी, अन् टीव्हीतून 'फट्'. गल्लीत सात टीव्ही, दोन फ्रीज. अर्ज घेऊन गेलो तर टेबलावरचा साहेब म्हणतो, 'टीव्ही चालू कशाला ठेवला?' परळीचं थर्मल आमच्या उशाला, अन् आम्ही अंधारात!

जालन्याचा पाहुणा
बप्पा, स्टॅबिलायझर काहून नाही लावला?

सोल्डरवाला, परभणी
टीव्हीच्या मागं वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कमी दाबाला तो दाद देत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझर म्हणजे पैसे पाण्यात. न्यूट्रल तुटल्यावर मात्र घरात ४०० च्या आसपास चढू शकतं. तिथं साधा स्टॅबिलायझर स्वतःच जळतो. जास्त दाबाला लाईन तोडणारं यंत्र मीटरजवळ बसवा.

बप्पा, बीड
म्हंजे डीपी त्यांचा, यंत्राचे पैसे माझे! भारी न्याय हाय.

हायटेक पाटील, संभाजीनगर
विषय टीव्हीचा होता. डीपीचं रडगाणं दुसरीकडं गा.

बप्पा, बीड
शहरात एसीत बसून रडगाणं म्हणायला काय जातं? रातच्याला मोटार चालू करायला शेतात जाऊन बघा एकदा. फ्यूज टाकताना हात कसा थरथरतो ते कळल.

जालन्याचा पाहुणा
बप्पा बराबर बोलायलेत. आमच्याकडं तर तारांवर झाडाच्या फांद्या. फोन केला की 'फांदी तुम्हीच तोडा'.

रिटायर मास्तर, अंबाजोगाई
विजेचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आमच्या धाकट्याचा टीव्ही पहिल्या वळिवात गेला. प्लग काढला होता बरं का! डिशची वायर तशीच राहिली. गच्चीवरच्या छत्रीतून वीज सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयच्या भोकातून टीव्हीत. काळं ढग दिसलं की डिशची वायरही उपसा.

उदगीरची सूनबाई
पुरुष मंडळी डीपीवरच अडकली. मेकॅनिककडं टीव्ही किती दिवस पडून राहतो, ते कोण सांगणार? आमचा सतरा दिवस. रोज फोन केला की 'वहिनी, पार्ट हैदराबादहून यायलाय'. तोवर सासूबाईंनी शेजारच्या घरी जाऊन सगळ्या मालिका बघितल्या अन् आमच्या घरातलं सगळं तिथं सांगून आल्या. दुरुस्तीला १,६०० लागले, पण झालेलं नुकसान वेगळंच.

सोल्डरवाला, परभणी
ताई, हे मात्र खरं. पट्टी मॉडेलप्रमाणं लागते, दुसरीच घातली की पाटलांसारख्या चांदण्या. एक सांगतो: नवा टीव्ही आणला की दुकानातली भडक सेटिंग पहिल्या दिवशीच बदला, बॅकलाइट निम्म्यावर आणा. दिवे तापत नाहीत, जास्त टिकतात. पाटील, तुमची कितीवर होती?

हायटेक पाटील, संभाजीनगर
शंभरवर. मला कुणी सांगितलं नव्हतं.

अन् माळ्यावर सासऱ्यांचा जुना ३२ इंची पोत्यात पडलाय. भंगारवाला २५० च्या वर जाईना. आत्ता टॉर्च लावून बघितला. दिसतंय काहीतरी. हसू नका. परभणीत दुकान कुठं आहे तुमचं?

बप्पा, बीड
पाटील, टॉर्च हाय तोवर बघून घ्या. आमच्याकडं आत्ताच गेली.