काका: गणिताचे आणि खो-खोचे सर

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

काकांच्या निधनानंतर आपण आवर्जून विचारपूस केलीत, त्याबद्दल आम्हा कुटुंबीयांतर्फे मनापासून आभार. स्मरणिकेसाठी त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे समितीने सुचवले, म्हणून हे लिहीत आहे.

तालुक्याच्या गावी काका शाळा भरण्याआधी फक्कीने मैदान आखत आणि शाळा भरल्यावर दहावीला भूमिती शिकवत. बघ्यांचे डोळे पळणाऱ्या मुलींवर खिळलेले असत, काकांचे लक्ष मात्र पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, बसलेल्या आठजणींकडे असे. पाठलाग करणारीला दिशा बदलता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. त्यामुळे आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या मुली किती सावध आहेत, यावरच डाव ठरतो, असे ते सांगत. मला अंगणात बसवून, टाच कितपत उचललेली हवी आणि पुढच्या हाताची बोटे जमिनीवर कशी टेकवायची, हे ते पुन्हापुन्हा दाखवत. पाठीला हात लागण्याआधी उठलेली मुलगी त्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही.

मुलींना बाहेरगावी पाठवायला घरचे कचरत, तेव्हा काकू सोबत जात. सत्काराच्या भाषणांत हे कुणी बोलले नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. तो सामना काकांनी खुर्ची दूरदर्शन संचाजवळ ओढून पाहिला, आणि मध्येच "बसलेल्यांकडे बघ" असे मला बजावले.

आपली,
त्यांची पुतणी

आदरणीय ताई,

आपले पत्र वाचून माझी आत्या आठवली. अशाच एका सरांनी तिची स्पर्धांची प्रमाणपत्रे स्वतःच्या कपाटात जपून ठेवली होती. घरात ती केव्हाच गहाळ झाली असती. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज करताना, पडताळणीच्या वेळी तीच तिच्या उपयोगी पडली. अशा सरांचे हे काम पदकांच्या यादीत कधीच येत नाही, आणि मला तेच फार मोलाचे वाटते.

लेख आम्ही जसाच्या तसा छापू. काकांच्या छायाचित्रासोबत काकूंचेही पाठवावे. दोन्ही एकाच पानावर घेण्याचे समितीने ठरवले आहे.

आपला नम्र,
स्मरणिका समितीकरिता