पुढच्या आठवड्याचं पालकांना आधी कसं कळवता?

प्रश्न: दुसरीचा वर्ग आहे माझ्याकडे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं टाकते पण सुप्रभात आणि थँक्यू मॅडमच्या गर्दीत मेसेज वर जातो आणि मग रात्री साडेदहाला फोन, मॅडम उद्या काय आणायचंय? परवा पानांचे ठसे काढायचे होते, निम्मी मुलं पानांशिवाय हजर. तुम्ही काय करता?

उत्तर १: सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनच मेसेज टाकेल असं करा, अर्धी कटकट तिथंच संपते. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे ग्रुपशिवाय एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या भानगडीत पडू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, मी तोंडावर आपटलेय.

उत्तर २: मी शुक्रवारी एकच मेसेज टाकतो, आधी वार-तारीख, मग काय आणायचं आणि शेवटी काय शिकवणार ते. नुसतं "अपूर्णांक सुरू" लिहिलं तर कोण वाचतंय! "कागदाला घड्या घालून अर्धा, पाव दाखवा" म्हटलं की करतात लोक. आणि आदल्या दिवशी परत आठवण, ती लागतेच.

उत्तर ३: पालक म्हणून सांगते, पत्रकाचा फोटो नका टाकू, टाइप करा, नंतर सर्च केला तर सापडत नाही हो. आणि आमच्याकडे शाळेतून आणायला आजी जाते, तिच्याकडे साधा फोन, त्यामुळे वहीत चिठ्ठी असली की बरं पडतं.

प्रश्नकर्ती: चिठ्ठीचं डोक्यातच नव्हतं आलं. सेटिंग आत्ताच बदलते.