मदत हवी आहे: सांभाराची (कोथिंबिरीची) रोपं उगवल्यावर कोलमडतात

नागपूर, गच्ची, 12 इंची ग्रो बॅग. मिश्रण: काळी माती 2 भाग, शेणखत 1, कोकोपीट 1. धणे रगडून, 12 तास भिजवून अर्धा इंच खोल पेरले. दहाव्या दिवशी छान उगवले. मग मातीलगत देठ तपकिरी, बारीक होऊन रोपं आडवी पडतात. मर रोगच वाटतो.

पाणी फक्त सकाळी देते, तळाची भोकं मोकळी आहेत, दुपारी 50 टक्क्यांची हिरवी नेट असते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) लिटरला 5 ग्रॅम दोनदा ओतलं, फरक नाही. त्याच मिश्रणातली मेथी मात्र ठणठणीत. पानं घरात खायची, म्हणून रासायनिक बुरशीनाशक नको.

संशय काळ्या मातीवर आहे, पाणी फार धरते. तिच्यात रेती किती मिसळू? की ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यावर, नोव्हेंबरमध्येच पुन्हा पेरू?