कर कायदा लांबतो तो आपल्यामुळे

धागाकर्ता: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘आयकर कायदा सीएंची पोटं भरावीत म्हणून किचकट ठेवलाय.’ वाचून डोकं फिरलं. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, ही एका ओळीची सवलत. पण ग्रामीण म्हणजे कुठवर? म्हणून नगरपालिका हद्दीपासून जास्तीत जास्त ८ किलोमीटर आले. मोजायचे कसे, रस्त्याने की सरळ रेषेत? त्यावर कोर्टकज्जे. २०१३ च्या वित्त कायद्यात लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर ठरवले आणि ‘हवाई अंतर’ घातलं, तर आधीच्या व्यवहारांचं काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सवलत मागायची आपण आणि लांबीला नावं ठेवायची आपणच?

पगारदार: बघा, फिरून शेतीच! आमचा टीडीएस पगार हातात पडायच्या आत कापला जातो. ‘शेतीचं उत्पन्न’ दाखवून काळ्याचं पांढरं करणाऱ्यांना कोण विचारतं?

निफाडकर: ते शेतकरी नाहीत, सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेले शहरवाले आहेत. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय, तो वाद तिकडे घाला. आमचा कांदा चाळीत सडला, खालच्या थराला पाणी सुटलं, तेव्हा टीडीएस परत मिळतो तसं आम्हाला काय मिळालं? खतावर जीएसटी भरतोच की!

पगारदार: मग खरे शेतकरी आणि खोटे वेगळे करायला आणखी दोन कलमं लागतील. घ्या!

पेठकर: शेती सोडा हो. परदेशात झालेल्या कंपनी-विक्रीवर इथे कर मागितला त्या व्होडाफोन प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये सरकार सुप्रीम कोर्टात हरलं आणि त्याच वर्षी थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती आणली. २०२१ मध्ये ती मागे घ्यायला पुन्हा दुरुस्ती. हा हट्ट आपला होता का?

धागाकर्ता: आणि जुलै २०२४ ला भांडवली नफ्यातलं इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं, काढून साडेबारा टक्के हा एकच दर ठेवला होता, तेव्हा बोंब कुणी मारली? महिन्याभरात २३ जुलैआधी घेतलेल्या घर-जमिनीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा जुना पर्याय परत आला. एकाचे दोन हिशेब झाले.

पेठकर: मारली, मीच मारली! वडिलांनी पै-पै जोडून घेतलेला फ्लॅट विकताना नुसत्या महागाईवर कर भरू? नव्या २०२५ च्या कायद्यात शब्द निम्म्यावर आणले, ५३६ कलमांत बसवला, तरी हे दोन हिशेब आहेतच आणि राहायलाच हवेत. तेवढी लांबी आमच्यामुळे, मान्य. आता व्होडाफोनचं उत्तर द्या.